काउन्सेलिंगमध्ये एमए करायचंय? आधी पगाराचा आणि कर्जाचा हिशेब मांडू या

बारावीचे निकाल लागले की पालक शाळेत विचारायला येतात. पूर्वी प्रश्न ठरलेले असायचे. डीएड करू की बीएड, नर्सिंगला पाठवू की फार्मसीला? गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा प्रश्न आला आहे. मुलगी सायकॉलॉजी घेते म्हणते, पुढे एमए करून काउन्सेलर होईन म्हणते. यात रोजीरोटी आहे का? आणि कर्ज काढावं का?

पालघर, मनोर, बोईसर, चिंचणी, तारापूर या पट्ट्यातल्या आपल्या कुटुंबांसाठी हा प्रश्न छोटा नाही. कुणाचे अब्बू एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा तासांच्या पाळीत आहेत, कुणाचं छोटं दुकान आहे, कुणाची रिक्षा. अशा घरात पाच-सहा लाखांचं कर्ज म्हणजे पुढची दहा वर्षं सगळ्या घराने वाहायचं ओझं. म्हणून आम्ही या लेखात काउन्सेलरच्या कामाची महती सांगत बसणार नाही. काम चांगलं आहे, नेक आहे, गरजेचं आहे. आम्ही फक्त हिशेब मांडणार आहोत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : या क्षेत्रात गरज खूप आहे, पण गरज असणं आणि पगार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज पदवीच्या नावाकडे बघून काढू नका. पहिल्या तीन वर्षांत हातात काय पडेल, ते बघून काढा.

पदवी एक, नावं अनेक

आधी घोळ दूर करू. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारात एमडी वगैरे झालेला डॉक्टर. औषध तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे आरसीआयकडे, अर्थात भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. नुसतं एमए करून या नोंदणीत नाव येत नाही. त्यासाठी परिषदेने मान्य केलेला क्लिनिकलचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. आजवर तो एमफिल होता, आता त्याची रचना बदलते आहे. जागा थोड्या आणि चुरस मोठी.

काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एमए केलेली व्यक्ती या दोन्हींत बसत नाही. ती काउन्सेलर किंवा समुपदेशक म्हणून काम करू शकते. शाळेत, कॉलेजात, संस्थेत, हेल्पलाइनवर, नाहीतर स्वतःची खोली घेऊन. पण हॉस्पिटलच्या जाहिरातीत ‘आरसीआय नोंदणी आवश्यक’ असं लिहिलेलं असेल तर तो अर्ज तिच्या कामाचा नाही. पगाराचा मोठा फरक इथेच पडतो, आणि प्रवेश घेताना ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते.

२०२१ मध्ये संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. त्यात आरसीआयखाली येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून बाकी सायकॉलॉजिस्ट आणि काही प्रकारचे आरोग्य समुपदेशक यांचा समावेश आहे. म्हणजे पुढे या कामालाही नोंदणीची शिस्त लागणार. आज प्रवेश घेणाऱ्या मुलीने हे ध्यानात ठेवायला हवं. चार वर्षांनी नोंदणीच्या वेळी विचारतील, अभ्यासक्रम कुठला केला, कसा केला, प्रत्यक्ष कामाचे तास किती भरले.

घरबसल्या एमए आता नाही

आपल्याकडच्या अनेक मुलींचा मार्ग दूरशिक्षणाचा होता. घर सांभाळायचं, ट्यूशन घ्यायच्या आणि इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून सायकॉलॉजीत एमए करायचं. फी कमी, रोजचा प्रवास नाही, कर्जाची गरजच नाही. लग्न झालेल्या मुलींनाही ते जमायचं.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने हा दरवाजा बंद केला. २०२१ च्या त्याच कायद्याचा आधार घेऊन सांगण्यात आलं, की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजीसह आरोग्याशी जोडलेले विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवता येणार नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. माणसाच्या मनाशी काम करायला पुस्तक वाचून भागत नाही, समोर बसून शिकावं लागतं. पण त्याचा खर्चावर काय परिणाम झाला ते बघा. ज्या घरात काही हजारांत एमए होत होतं, तिथे आता रोजचं कॉलेज, पास, खोली आणि फी आली.

म्हणून कुणी ‘घरबसल्या एमए काउन्सेलिंग’ म्हणून जाहिरात पाठवली तर पैसे भरण्याआधी दहा वेळा चौकशी करा. सहा महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट म्हणजेही एमए नव्हे. आधीच शिक्षक असलेल्यांसाठी एनसीईआरटीचा गायडन्स अँड काउन्सेलिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. काही भाग दूरस्थ, काही प्रत्यक्ष वर्ग आणि नंतर इंटर्नशिप अशी त्याची रचना आहे. शाळेतली नोकरी न सोडता या कामात यायचं असेल तर आधी तो बघावा.

खर्च फक्त फीचा नसतो

रोजच्या वर्गात एमए करायचं तर आपल्या भागातल्या मुलीला मुंबईकडेच बघावं लागतं. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिन्याला आहे. देवनारला टिस आहे, तिथे सीयूईटी-पीजी ही परीक्षा देऊन जावं लागतं. एसएनडीटी आहे. मुंबईत आणि आसपास खासगी विद्यापीठंही आहेत. सरकारी किंवा अनुदानित विभागात फीचा आकडा हजारांत असतो, खासगी विद्यापीठात लाखांत. पदवीचं नाव सारखंच, फीमध्ये कित्येक पटींचा फरक. आणि बोईसरच्या शाळेत मुलाखतीला गेल्यावर पगार दोघींनाही साधारण सारखाच देऊ करतात. सगळ्या हिशेबातला हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे.

आता बाकीचा खर्च. बोईसरहून चर्चगेट साधारण शंभर किलोमीटर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. एक गाडी चुकली की पुढचा वर्ग गेला. कालिन्यापर्यंत एका बाजूला दोन-अडीच तास धरा. विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो, त्यामुळे पैसे फार जात नाहीत, पण दिवसाचे पाच तास जातात. त्या वेळेत मुलगी ट्यूशन घेऊ शकत नाही, कमावू शकत नाही. हाही खर्चच आहे. खोली किंवा हॉस्टेल घेतलं तर मुंबईतलं भाडं आणि डबा फीच्या बरोबरीला येऊन बसतात.

पदवीनंतरही खर्च थांबत नाही. नव्या काउन्सेलरने सुरुवातीची काही वर्षं अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करावं, अशी या क्षेत्राची रीत आहे. आपल्या केसेसबद्दल दर महिन्याला त्यांच्याशी बसून बोलायचं. त्याची फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते. वर कार्यशाळा आणि छोटे कोर्स. एमए झालं की लगेच कमाई, असं समजून बसू नका.

हप्त्याचं गणित

समजा, एका मुलीने खासगी विद्यापीठात दोन वर्षांसाठी मिळून ६ लाखांचं बँक कर्ज घेतलं. दरवर्षी ३ लाख. व्याज १० टक्के धरू. शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. लोकांना वाटतं, तोवर व्याजही थांबलेलं असतं. तसं नाही. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं.

पहिल्या ३ लाखांवर ३ वर्षांचं व्याज ९०,०००. दुसऱ्या ३ लाखांवर २ वर्षांचं ६०,०००. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज ६ लाख नाही, साडेसात लाख झालेलं असतं.

ते १० वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,९०० रुपये. एकूण भरणा ११ लाख ८९ हजारांच्या आसपास. १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ८,०६० वर येतो, पण एकूण भरणा साडेचौदा लाखांच्या घरात जातो. हप्ता महिन्याला फक्त १,८५० रुपयांनी कमी झाला आणि त्यासाठी अडीच लाखांहून जास्त रक्कम वर गेली.

शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर? पहिल्या वर्षी महिन्याला २,५००, पुढे ५,०००. जमलं तर हप्ता ६ लाखांवरच बसतो, १० वर्षांसाठी सुमारे ७,९३०. जमणाऱ्या घरांनी हे नक्की करावं.

आता समोर पगार ठेवू. समजा, मुलीला खासगी शाळेत महिना २०,००० मिळाले. हा आकडा हिशेबासाठी धरला आहे, मुलाखतीत जो मिळेल तो इथे टाकून बघा. ९,९०० हप्ता गेला, उरले १०,१००. त्यात येणं-जाणं, फोन, देखरेखीची फी आणि घरी देण्याचे पैसे. म्हणजे मुलगी कमावते, पण घराला तिचा आधार नाही. उलट एखाद्या महिन्यात पगार उशिरा झाला तर हप्ता अब्बूंनाच भरावा लागतो.

पालघर-बोईसरमध्ये नोकरी कुठे आहे

पहिली जागा शाळेची. सीबीएसईच्या नियमांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांसाठी काउन्सेलरची तरतूद आहे. बोईसर-तारापूर भागात अणुऊर्जा वसाहतीतल्या शाळेपासून खासगी इंग्रजी शाळांपर्यंत सीबीएसईच्या शाळा आहेत. पण एका शाळेत जागा एक, फार तर दोन. एकदा भरली की पाच-सात वर्षं रिकामी होत नाही. काही ठिकाणी काउन्सेलरला आठवड्यातून दोन दिवस बोलावतात आणि पगारही तेवढाच देतात. काही ठिकाणी तिच्याकडे वर्गाचे तासही देतात.

दुसरी गोष्ट आशेची. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा. आपल्या उर्दू आणि मराठी शाळाही यात आल्या. पण शब्द नीट वाचा. ‘नेमावा किंवा सेवा घ्यावी’. म्हणजे पूर्णवेळ पगारी जागा प्रत्येक शाळेत येईलच असं नाही. तीन-चार शाळा मिळून एकच काउन्सेलर बोलावू शकतात. हुशार मुलीने याकडे संधी म्हणून बघावं, पण त्या भरवशावर लाखांचं कर्ज काढू नये.

तिसरी जागा सरकारी कार्यक्रमांची. किशोरवयीन मुलांसाठीचा आरोग्य कार्यक्रम, एचआयव्ही तपासणी केंद्रं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, टेली-मानस हेल्पलाइन. या ठिकाणी समुपदेशक लागतात. बहुतेक जागा कंत्राटी असतात. ठरलेलं मानधन आणि वर्षाला नूतनीकरण. शिवाय अनेक जाहिरातींत एमएसडब्ल्यू झालेल्यांनाही अर्ज करता येतो, त्यामुळे स्पर्धा दुहेरी. तरी अनुभवासाठी ही जागा उत्तम. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ ला झालेला नवा जिल्हा, इथे आरोग्याची यंत्रणा अजून उभी राहते आहे. मोठ्या मानसिक आजारासाठी आजही लोक ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे बघतात, ते १९०१ पासूनचं आहे.

चौथी, एमआयडीसी. शेकडो कारखाने, हजारो कामगार, पाळ्यांची झोपमोड, अपघाताची भीती, गावाकडे राहिलेली बायका-मुलं. गरज म्हणाल तर डोंगराएवढी. पण कारखान्याच्या कायद्यात सक्ती आहे ती वेल्फेअर ऑफिसरची, तीही मोठ्या कारखान्यांपुरती, आणि त्या पदाची पात्रता वेगळी असते. काउन्सेलर ठेवायचा की नाही ही मालकाची मर्जी. मोठ्या कंपन्या ही सेवा बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीकडून फोनवर घेतात.

आता गरज आणि पगार वेगळे का, ते लक्षात येईल. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि त्यातल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हता. उपचार न मिळण्याचं एक कारण माणसं कमी, हे आहेच. दुसरं कारण असं की ज्याला गरज आहे त्याच्या खिशात फीचे पैसे नाहीत, आणि त्याच्या वतीने पैसे भरणारं कुणी नाही. म्हणून मुलीला ‘किती लोकांना गरज आहे’ एवढंच विचारू नका. ‘तुझी फी कोण देणार’ हेही विचारा.

स्वतःची खोली घेतली तर

बोईसरमध्ये एका सेशनचे ५०० रुपये घेतले असं धरू. आठवड्याला सात-आठ माणसं, महिन्याला ३० सेशन. जमा १५,०००. त्यातून खोलीचं भाडं ५,०००, देखरेखीची फी २,०००, फोन-इंटरनेट-प्रवास १,५००. हातात ६,५००. हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं चित्र समजा.

महिन्याला ८० सेशन भरू लागले तर जमा ४०,०००, खर्च ९,००० धरला तरी हातात ३१,०००. हे होऊ शकतं. पण इथवर यायला तीन-चार वर्षं लागतात, कारण या धंद्यात पाटी लावून गिऱ्हाईक येत नाही. डॉक्टरांनी पाठवावं लागतं, शाळेने पाठवावं लागतं, एका बाईने दुसरीला हळूच सांगावं लागतं. लोक वेळ घेतात आणि येत नाहीत. रमजानमध्ये, परीक्षेच्या दिवसांत, सुट्टीत गावी गेले की महिना रिकामा जातो.

आपल्या मुलींकडे एक भांडवल मात्र पक्कं आहे, भाषा. मराठी, उर्दू, हिंदी, कधी गुजरातीही. मुंबईतल्या अनेक काउन्सेलरना इंग्रजीत जे जमतं ते आपल्या घरातल्या अम्मी-खालांच्या बोलीत जमत नाही. घरातलं पडद्याआडचं दुःख बाई बाईजवळ, आपल्या भाषेत बोलते. ऑनलाइन सेशनमुळे बोईसरला बसून मालेगाव, भिवंडी, औरंगाबादपर्यंतच्या लोकांशी काम करता येतं आणि खोलीचं भाडंही वाचतं.

कुणी म्हणेल, परदेशात यात खूप पैसा आहे. परदेशातला पगार परदेशातल्या परवान्यावर मिळतो. अमेरिकेत एमएनंतरही राज्याचा परवाना मिळेपर्यंत देखरेखीखाली हजारो तास काम करावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. तिथली मुलंही या मधल्या काळातल्या तुटपुंज्या पगाराने आणि कर्जाने हैराण असतात. आपल्या पदवीवर तिकडे थेट नोकरी मिळेल असं गृहीत धरू नका.

मग कर्ज किती काढावं

आमचा साधा ठोकताळा असा : हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावा. पगार २०,००० धरला तर हप्ता ४,०००. १० टक्के व्याजाने, १० वर्षांच्या मुदतीत, ४,००० च्या हप्त्यात साधारण ३ लाखांचं कर्ज फिटतं. त्यात शिकतानाचं चढलेलं व्याज आलं. ते वजा केलं तर मूळ कर्ज उरतं सुमारे २ लाख ४० हजार. म्हणजे या पदवीसाठी बँकेकडून अडीच लाखांच्या आत राहावं. त्याहून जास्त लागत असेल तर कॉलेज बदला, एक वर्ष थांबून पुन्हा प्रवेश परीक्षा द्या, नाहीतर आधी नोकरी करून पैसे साठवा. एक वर्ष थांबल्याने बिघडत नाही. चुकीच्या कर्जाने दहा वर्षं बिघडतात.

कर्जाआधी कुठे बघायचं

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत फक्त पैशांचा नाही, दीनचाही आहे. शरई मसला आपल्या आलिमांना विचारावा, तो आमचा अधिकार नाही. पण व्याजाचं कर्ज टाळायचं किंवा कमी करायचं तर मार्ग आहेत, आणि ते प्रवेशाच्या सहा महिने आधी शोधावे लागतात.

एक, राज्याची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. ज्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, म्हणजे मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी वगैरे, त्यांनी जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि वैधता आधीच करून ठेवावी. फीमधली सवलत त्यावर अवलंबून असते. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात हे दाखले मिळत नाहीत.

दोन, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ. राष्ट्रीय अल्पसंख्याक वित्त महामंडळाच्या मदतीने चालणाऱ्या शैक्षणिक कर्जाचा दर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ३ टक्के आहे. ३ लाखांवर बँकेचं १० टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३०,००० होतं, इथे ९,०००. जामीनदार लागतो, कागदपत्रं लागतात, वेळही लागतो. म्हणून अर्ज लवकर करा.

तीन, पीएम विद्यालक्ष्मी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, ३ टक्के सवलतही आहे. मात्र संस्था यादीत हवी. खासगी विद्यापीठाचा एजंट काहीही सांगो, यादी स्वतः बघा.

चार, कर्ज-ए-हसना. समजा, सरकारी विभागात प्रवेश मिळाला आणि दोन वर्षांचा सगळा खर्च १ लाख २० हजार आला. नातेवाईक, जमातीचा बैतुलमाल किंवा ट्रस्ट यांनी मिळून ही रक्कम बिनव्याजी दिली, तर महिना ४,००० प्रमाणे अडीच वर्षांत कर्ज संपतं. पण लिहून घ्या, लिहून द्या. तारीख, रक्कम, हप्ता, दोन साक्षीदार. ‘घरातलंच आहे’ म्हणून तोंडी ठेवलेल्या कर्जातूनच नाती तुटतात.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. परदेशी शिक्षणाच्या व्याजात सवलत देणारी ‘पढो परदेश’ आणि संशोधनासाठीची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप या दोन्ही केंद्राने २०२२-२३ पासून बंद केल्या. याद्यांमध्ये त्या अजूनही दिसतात.

हप्ता आणि निकाह

हा विषय कुणी उघड बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. मुलीचं एमए होतं तेव्हा ती तेवीस-चोवीस वर्षांची असते. घरात स्थळं येऊ लागतात. कर्ज तिच्या नावावर, सहकर्जदार अब्बू. निकाहनंतर ती वापीला किंवा मुंब्र्याला गेली, सासरी काम करू दिलं नाही किंवा नवीन गावात काम मिळालं नाही, तर हप्ता कोण भरणार? बँक सहकर्जदाराकडे येते. हप्ते चुकले तर अब्बूंचा सिबिल खराब होतो, आणि उद्या धाकट्या भावाला शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज हवं असेल तर तिथे अडतं.

याचा अर्थ मुलीला शिकवू नका असा कुणी काढू नये. अर्थ एवढाच, की स्थळाशी बोलताना कर्ज लपवू नका आणि तिचं काम चालू राहील हे आधी स्पष्ट ठरवा. मेहरची रक्कम तिची असते. त्यातून हप्ते भरायचे की नाही हे ती ठरवेल, दोन्ही घरांनी गृहीत धरू नये. कर्ज छोटं असेल तर हा सगळा तिढाच छोटा होतो. अडीच लाखांच्या आतल्या कर्जासाठी मुलीला तिचं काम किंवा तिचं लग्न पणाला लावावं लागत नाही.

प्रवेश घेण्याआधी विचारा

फी भरण्याआधी कॉलेजला ही माहिती विचारा, शक्य तिथे लेखी घ्या.

१. अभ्यासक्रम नियमित वर्गाचा आहे का, आणि विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का?
२. प्रत्यक्ष कामाचे तास किती, आणि ते कुठल्या हॉस्पिटलात, शाळेत किंवा संस्थेत भरून घेतात?
३. दोन वर्षांची पूर्ण फी किती? परीक्षा, इंटर्नशिप, ‘इतर’ असे सगळे आकडे धरून.
४. गेल्या दोन बॅचच्या मुली आज कुठे काम करतात? त्यांतल्या दोघींशी बोलू द्याल का?
५. पदवीनंतर कोणत्या परिषदेकडे नोंदणी होईल, आणि कोणत्या जागांसाठी अर्ज करता येणार नाही?

चौथ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर सावध व्हा. आणि मुलीला एक काम सांगा : बीएच्या शेवटच्या वर्षी एखाद्या शाळेत किंवा संस्थेत दोन महिने विनामोबदला मदत कर. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकणं आपल्याला झेपतं का, हे तिथे कळतं. झेपत नसेल तर लाखो रुपये वाचले. झेपत असेल तर तिथल्याच लोकांची ओळख पुढे पहिल्या नोकरीला उपयोगी पडते. जवळच्या वाटाही बघून ठेवाव्यात. विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या, आरसीआय नोंदणी असलेल्या शिक्षकांची मागणी शाळांत वाढते आहे. एमएसडब्ल्यूला सरकारी कार्यक्रमांत जागा आहेत.

आमच्या शाळांत आई-वडिलांच्या भांडणाने मुकी झालेली मुलं बसतात. परीक्षेच्या भीतीने पोटात दुखणाऱ्या मुली बसतात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी माणसं या जिल्ह्यात हवीच आहेत, आणि ती आपल्या घरांतूनही यायला हवीत. पण हप्त्याच्या चिंतेने जिची स्वतःची झोप उडाली आहे, ती दुसऱ्याला धीर कसा देणार? मुलीला जरूर पाठवा. स्वस्त आणि चांगलं कॉलेज शोधून, छोटं कर्ज काढून, घरात सगळ्यांनी बसून हिशेब करून पाठवा. कागद, पेन आणि एक संध्याकाळ, एवढंच त्यासाठी लागतं.